वाघचौरे सरांची तिप्पट जागा

कॅन्टीनच्या बाकावर वाघचौरे सर कधी कुणाला खेटून बसत नाहीत. आपल्या रुंदीच्या तिप्पट जागा सोडून बसतात. सर चांगले रुंद आहेत, त्यामुळे उरलेले आम्ही उभ्यानंच जेवतो.

अंबडच्या आमच्या लहानशा कंपनीत ते सर्किट बोर्डांचे आराखडे आखतात आणि मी ते तपासतो. बोर्डावर तांब्याच्या, केसासारख्या बारीक रेघा असतात. दोन रेघा लांबवर शेजारून गेल्या की एकीतला सिग्नल दुसरीत झिरपतो. सर त्याला 'चहाड्या' म्हणतात, आणि दोन रेघांमध्ये रेघेच्या रुंदीच्या तिप्पट जागा सोडायला लावतात. "आडवी ओलांडून जाऊ दे, शेजारून चालू देऊ नको," हा त्यांचा मंत्र. ऑफिसात दोघं जण फार वेळ बोलत उभे दिसले, तरी सर मधून चालत जातात.

मागच्या हिवाळ्यात त्यांनी एक घरचा बोर्ड माझ्यासमोर ठेवला. काडेपेटीहून लहान. माइकच्या नाजूक रेघेला चिकटून, घड्याळासारखे सतत ठोके देणारी रेघ गेलेली.

"सर, हे तुमच्याच नियमात बसत नाही."

"डबी लहान हवी होती," ते खाली बघत म्हणाले. "बायकोला ऐकू येत नाही. बाजारातली यंत्रं तिला सोसली नाहीत. ही गळ्यात घालायची. मोठी असली तर लोक बघतात, म्हणते. पण हिच्यात नुसतं किर्र वाजतं. एकदा घातली, काढून ठेवली. सात वर्षं झाली, घरात खुणांवरच चाललंय."

पंधरा दिवस जेवणाच्या सुट्टीत आम्ही तो बोर्ड पुन्हा आखला. ठोक्यांची रेघ पार दुसऱ्या टोकाला नेली, खाली तांब्याचा अखंड थर घातला. डबी थोडी मोठी झाली. वहिनी त्याला तयार झाल्या.

बोर्ड बनून आला. सरांनी घरी नेऊन जोडला. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "किर्र गेली का?"

"गेली."

"वहिनी काय म्हणाल्या?"

"म्हणाली, बोला काहीतरी." सरांनी चष्मा काढून पुसला. "मला सुचेचना. पेपर पडला होता. शनिवारी गंगापूर रोडला पाणी येणार नाही, ती बातमी वाचून दाखवली. तिनं सगळी ऐकली."

"मग?"

"म्हणाली, तुमचा आवाज म्हातारा झालाय हो."

ते स्क्रीनकडे वळले.