थांबायची ओळ

ताज्या रोहूचा डोळा काचेसारखा स्वच्छ असतो. मासा उन्हात राहिला की त्यावर तांदळाच्या पेजेसारखी पांढुरकी झाक चढू लागते. त्या सकाळी तळ्याच्या पाळीवर पडलेल्या माशांच्या डोळ्यांत ती झाक दिसू लागली, आणि वाटणी मात्र पुन्हा पहिल्यापासून चालली होती.

घनश्याम नागपूरला सहकारी संस्थांच्या शिक्षणवर्गाला जाऊन आला होता. कोणतेही काम पायऱ्यांत तोडावे आणि कोणाला विचारावे न लागता ते पुढे सरकेल असे लिहून ठेवावे, हे तिथे त्याच्या मनात पक्के बसले होते. गावच्या मच्छीमार सोसायटीचे प्रमुख मनसाराम यांची मुलगी गिरजा त्याने मागितली होती. मनसाराम दोन वर्षे "विचारून सांगतो" म्हणत होते. भावकीत एकाने नाक मुरडले, की ते पुन्हा पहिल्या घरापासून विचारत निघायचे. शेवटी ते म्हणाले, "मासोळीच्या वाटनीत भांडन नाई होनार, असं काई करून दाखव. मंग पाहू."

म्हणून घनश्यामने सोसायटीच्या भिंतीवर कोळशाने वाटणी काढली. चौकटी, आणि चौकटींमधून बाण. जाळे ओढा. घरे तितके ढीग करा. प्रत्येक घराने आपली खूण द्यावी: कोणी मोहाचे पान, कोणी शिंपला, कोणी बांगडीचा तुकडा. डोळे बांधलेल्या माणसाने एकेका ढिगावर एकेक खूण ठेवावी. शेवटची चौकट: कोणाची तक्रार असल्यास सर्व ढीग एकत्र करून पुन्हा करावेत. तिथून बाण थेट वर जाई. आजवर तक्रारी मनसारामांच्या दरडावण्याने मिटत. या वेळी, भिंतीवर लिहिल्याप्रमाणे चाललेल्या वाटणीत आपण मध्ये बोलणार नाही, अशी त्यांनी तळ्याची शपथ घेतली होती.

आधी बुधूने तक्रार केली, ढिगात मरळ नाही म्हणून. मग देवकाबाईने, मरळ आहे पण बारीक आहे म्हणून. झिंगूच्या वाट्याला दर वेळी चांगला ढीग येई आणि दर वेळी तो मोडला जाई.

"या लोकाइच्या तक्रारी बंद करा," तो शेवटी म्हणाला. "हेच माही तक्रार हाय."

घनश्यामने भिंतीकडे पाहिले. तीही तक्रारच होती. ढीग मोडले.

पळसावर कावळे येऊन बसले. ब्रह्मपुरीच्या बाजारासाठी माल घ्यायला आलेला बाबूभाई सायकल टेकवून माशांचे डोळे तपासत होता. "अजून एक चक्कर झाली ना घनश्यामभाऊ," तो म्हणाला, "तर हे मच्छी त्या झाडावरच्या गिऱ्हाइकाइलेच द्या."

मनसाराम तोंड उघडत आणि शपथ आठवून मिटत.

गिरजा भिंतीपुढे उभी राहून बाणांवरून बोट फिरवत होती. बोट शेवटच्या चौकटीपर्यंत येई आणि पुन्हा वर जाई.

"यात थांबाचं कुठी लिवलं हाय?" तिने विचारले.

घनश्यामने वरून खालपर्यंत पाहिले. "नाई लिवलं. मले वाटलं, लोकं आपोआप थांबतीन."

"माह्या बापाले पाहून बी तसंच वाटलं काय तुले?"

त्याने कोळसा उचलला आणि खाली एक ओळ वाढवली: तक्रार करणाऱ्याने ढीग स्वतः करावेत, आणि सगळ्यांनी उचलून उरेल तो घ्यावा.

पहिली तक्रार बुधूची, म्हणून त्याला ढीग करायला बसवले. त्याने ते इतके सारखे लावले, की एका रोहूचे शेपूट तोडून शेजारच्या ढिगावर ठेवले. लोकांनी तक्रार न करता एकेक ढीग उचलला, उरलेला बुधूने घेतला. विकायचे मासे बाबूभाईच्या टोपलीत गेले.

मनसाराम भिंतीपाशी आले. "भांडन नाई झालं," त्यांनी कबूल केले.

"मंग?" घनश्याम म्हणाला.

"गिरजाच्या आत्याले येक डाव विचारून घेतो. मांगच्या खेपेले नाराज होती."

"आत्या नाराज असन," गिरजा म्हणाली, "तर तिनंच पोरं पाहून आनावे. मी येक निवडतो, अन् उरन तो तिनं आपल्या पोरीले घ्यावा."

आत्याच्या घरी लग्नाच्या तीन मुली होत्या. चांगला पोरगा आधी गिरजाला निवडू देण्यापेक्षा ती नाराजी गिळेल, हे मनसारामांच्या लक्षात आले. त्यांनी वर जाणाऱ्या बाणाकडे पाहिले. मग ते गिरजाकडे वळले. सगळ्या भावकीत हे एकच घर विचारायचे राहिले होते.

"तुले चालते काय हा?"

"कवाचा चालते."

मनसारामांनी धोतराच्या सोग्याला हात पुसले.

"देल्ली पोरगी," ते म्हणाले.