ब्लाउकेची शेवटची शर्यत आणि फिर्मिनची गव्हाची बिअर

"या उन्हाळ्यात दुकानातली बिअर या घराचा उंबरठा ओलांडणार नाही!"

फिर्मिनने असं जाहीर केलं, तेव्हा त्याची बायको लुतगार्ड बटाटे सोलत होती. तिने नुसती मान वर केली. इतक्या वर्षांच्या संसारात तिने अशा घोषणा पुष्कळ ऐकल्या होत्या. मागची घोषणा घरच्या चीजची होती, आणि तिचा वास अजून तळघरातून गेला नव्हता!

"गव्हाची करणार आहे," फिर्मिन म्हणाला. "हलकी, संत्र्याची साल आणि धने घातलेली. एक घोट घेतला की ऊन आहे हेच माणूस विसरेल!"

"कुठला माणूस?"

"अख्खी गल्ली! ब्लाउके शर्यतीहून परत आली की ओमेरच्या अंगणात सगळ्यांना मी माझ्या हातची बिअर पाजणार."

हे ऐकल्यावर मात्र लुतगार्डला हसता येईना. ओमेर म्हणजे शेजारी. शाळेपासून फिर्मिनचा जिवलग, आता विधुर. दोघांच्या परसांमध्ये एक कुंपण, कुंपणाला एक फाटक, आणि ते फाटक कधी बंद झालेलं वेल्डेकेर्के गावाने पाहिलेलं नाही. ओमेरने जन्मभर शर्यतीची कबुतरं पाळली. त्यांच्या पिसांची धूळ छातीत बसून त्याला श्वास लागायला लागला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "ओमेर, एक तर कबुतरं सोड, नाहीतर श्वास सोड!" आठवडाभर विचार करून त्याने कबुतरं विकली. एक सोडून. निळसर पंखांच्या ब्लाउकेला त्याच्या बायकोने ती पिल्लू असताना हाताने दाणे भरवले होते. तिची जुलैत एक शेवटची शर्यत, मग ती भाच्याकडे जायची आणि ओमेरचा खुराडा कायमचा रिकामा व्हायचा.

"कर बाबा," लुतगार्ड म्हणाली. "पण ओट्याला हात लावशील तर पुसून ठेव."

फिर्मिनने आयुष्यभर शाळेची बस चालवली होती, तीही अशी की लोक बस बघून घड्याळ लावायचे. बिअरही त्याने तशीच करायला घेतली. एका हातात थर्मामीटर, दुसऱ्या हातात घड्याळ, आणि ढवळायला तिसरा हात नाही म्हणून तोंडात पळी! स्वयंपाकघराची फरशी इतकी चिकट झाली की लुतगार्डची एक चप्पल तिथेच राहिली आणि ती एकटीच पुढे गेली.

"माझी आजी करायची तेव्हा थर्मामीटर नव्हता," ती म्हणाली. "कोपर बुडवून बघायची."

"म्हणूनच तुझे आजोबा लवकर गेले! हे बघ, या कामात दोघांचे हात चालत नाहीत. तू बाहेर बस."

बाटल्या भरायचा दिवस उजाडला. बिअरला बाटलीत फेस धरावा म्हणून भरण्याआधी थोडी साखर घालावी लागते. ती फिर्मिनने तराजूत तोलून, कणभर इकडे नाही की तिकडे नाही, पातेल्यात विरघळवली. पण बोलला कुणाशीच नाही. कसब म्हटलं की गुपित आलंच! मग चिनी मातीचं बूच आणि तारेची कडी असलेल्या जुन्या बाटल्या भरून त्याने परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये मांडल्या, आणि स्वतःवर खूश होऊन कोपऱ्यावरच्या गाडीवर बटाट्याचे तळलेले काप आणायला गेला. तळघरात लुतगार्डच्या मुरंब्याच्या बरण्या होत्या, म्हणून शेड. शेड ओमेरच्या खुराड्याला लागूनच होती, पण तेव्हा ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

काही दिवसांनी ओमेर फाटकातून आला. "लुतगार्ड, साखरेच्या वड्या आहेत का गं थोड्या?"

"होत्या. डबा आता तळाला गेलाय. बघते."

"तळाला? गेल्याच आठवड्यात तर भरलेला आणला!" फिर्मिन म्हणाला.

"मुंग्या लागल्या," लुतगार्ड म्हणाली आणि घाईने आत जाऊन दुसरा डबा घेऊन आली. ओमेर तो काखेत मारून गेला.

"हा तर कॉफी बिनसाखरेची पितो!" ती पुटपुटली. पण फिर्मिनचं लक्ष नव्हतं. तो शेडच्या फटीतून आपल्या बाटल्या बघत होता. बाळ झोपलंय की नाही हे आई बघते तसं!

शर्यतीचा रविवार उजाडला तो पेटूनच. पत्रा हात लावू देईना. फ्रान्सच्या पार दक्षिणेतून कबुतरं सोडल्याचा निरोप आला आणि आमची गल्ली एकदम मुकी झाली. ज्या दिवशी कुणाचं कबुतर घरी यायचं असतं, त्या दिवशी इथे दोरीवर पांढरी चादर वाळत घालत नाहीत, गवत कापायचं यंत्र चालवत नाहीत, आणि शिंक आलीच तर उशीत देतात. कारण कबुतर घराजवळ येऊन बिचकलं आणि छपरावर जाऊन बसलं तर सगळंच मुसळ केरात! त्याच्या पायातल्या कड्याची नोंद खुराड्याच्या दारातल्या यंत्रावर पाय पडला तरच होते. तोवर तुमचं कबुतर जगात पहिलं आलं असलं, तरी ते अजून आलेलंच नाही.

ओमेरच्या अंगणात खुर्च्या टाकून सगळी गल्ली माना वर करून बसली होती. ओमेर खुराड्यापाशी उभा, हातात मक्याच्या दाण्यांचा डबा. 

"येईल रे ती," फिर्मिन कुजबुजला.

"शेवटची आहे, फिर्मिन. पुन्हा नाही."

तेवढ्यात शेडमधून आवाज आला. फट्!

सगळ्या माना आभाळातून खाली आल्या.

"काय होतं ते?" ओमेर कुजबुजला.

"पत्रा असेल. उन्हाने तापला की वाजतो," फिर्मिनही कुजबुजला. पण त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पत्रा वाजल्यावर काच सांडल्याचा आवाज येत नाही, एवढं त्यालाही कळत होतं.

फट्! फटाक्!

"तुझा पत्रा फार बोलतोय!" ओमेर दात आवळून म्हणाला. त्याला ओरडायचं होतं, पण ओरडायची सोय नव्हती. त्यानंतरचं सगळं भांडण असंच, कुजबुजत झालं.

"थांबव ते!"

"कसं थांबवू?"

"तुझ्या बाटल्या, तुझी अक्कल! माझी ब्लाउके कुठल्याही क्षणी..."

आणि त्याच क्षणी ती दिसली! चर्चच्या मनोऱ्यावरून एक निळा ठिपका सरळ खाली आला, मोठा झाला, पंख मिटायला लागला. ओमेरने डबा खुळखुळवला. "ये गं बाई, ये..."

धडाम!

या खेपेला एक नव्हे, अख्खी रांग उडाली! ब्लाउके हवेतच वळली, गरकन वर गेली आणि फिर्मिनच्याच छपरावर, धुराड्याला चिकटून बसली. गल्ली दगड झाली. ओमेरचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने डबा खाली ठेवला, आणि तेच फिर्मिनला सहन होईना.

त्याने लुतगार्डचं मुरंब्याचं तांब्याचं पातेलं डोक्यावर पालथं घातलं आणि शेडमध्ये घुसला.

"कुठलंही बूच उघडू नकोस!" लुतगार्ड कुजबुजली. पण पातेल्यात ऐकू येत नव्हतं.

आत काचांचा खच आणि संत्र्याचा घमघमाट. उरलेल्या बाटल्या फुसफुसत होत्या. एकीची हवा हळूच सोडावी म्हणून फिर्मिनने अंगठ्याने तारेची कडी जराशी ढिली केली. बूच पत्र्याला लागलं, तिथून पातेल्याला लागलं, आणि फिर्मिनच्या कानांत अशी घंटा वाजली की तो मटकन खालीच बसला! बाटलीतली सगळी बिअर कारंज्यासारखी वर गेली आणि त्याच्याच अंगावर परत आली. जमिनीवर पाट वाहू लागला. दाराखालून बाहेर गेला, फरशीवर पसरला आणि उन्हात चकाकायला लागला.

धुराड्यावरून ब्लाउकेने ते पाहिलं. दिवसभर ऊन पिऊन आलेला जीव तो! ती उतरली. खुराड्यात नाही, फिर्मिनच्या अंगणात. चोच त्या थारोळ्यात बुडवली आणि पिऊ लागली. कोंबडीसारखी घोटाघोटाला मान वर नाही, काही नाही. एकदा खाली गेलेली चोच बराच वेळ वर आलीच नाही!

"आता धरू का?" फिर्मिन दाराच्या फटीतून कुजबुजला. पातेल्याखालून बिअर ठिबकत होती.

"हात लावशील तर बघ! बिथरली तर पार गावाबाहेर जाईल," ओमेर म्हणाला. तो कुंपणापाशी पालथा पडून डबा जमिनीलगत खुळखुळवत होता. "ये गं. घरी ये. पुरे झाली आता."

तिला पुरे झाल्यावर ती निघाली. पायी! उडणं तिच्या मनातून पारच गेलेलं दिसत होतं. फाटकातून डोलत डोलत ती ओमेरच्या अंगणात आली. खुर्च्यांवरच्या माणसांनी पाय उचलून तिला वाट दिली. एकाच्या बुटापाशी थांबून तिने बुटाकडे बराच वेळ रोखून पाहिलं. ओमेर तिच्या मागे गुडघ्यांवर रांगत होता, आणि ती डावीकडे झुकली की अख्खी गल्ली उजवीकडे झुकत होती!

शेवटी तिने एक उडी मारली आणि खुराड्याच्या फळीवर चढली. आत पाऊल टाकायचं एवढंच उरलं होतं. तर ही बया तिथे उभी राहून पिसं साफ करायला लागली!

"आत हो गं! आत!" ओमेरचे डोळे भरून आले.

फटाक्! शेडमधली उरलीसुरली बाटली गेली. ब्लाउके दचकून टुणकन आत! यंत्र चिवचिवलं. नोंद झाली.

मग मात्र गल्लीने कोंडलेला आवाज एकदम सोडला. पण तो आनंद टिकला नाही. थोड्याच वेळात फोन आला. शेजारच्या गावातल्या पाववाल्याचं कबुतर पहिलं. ब्लाउके दुसरी. आणि दोघांतलं अंतर, ती थारोळ्यापाशी जितका वेळ होती, त्याहून कमी!

लोक हळूहळू पांगले. ओमेर बाकावर बसून राहिला. फिर्मिन त्याच्यासमोर उभा, अंगाला संत्र्याचा वास, केसांत धने.

"ओमेर, मी तुला तोंड दाखवायच्या लायकीचा नाही रे. पण देवाशपथ, साखर मी तोलून घातली होती! कणभरही जास्त नाही."

"तू घातली होतीस?" लुतगार्ड किंचाळली. "अरे, मला वाटलं विसरलास! तू काप आणायला गेलास तेव्हा मी आजीसारखी एकेका बाटलीत एकेक वडी टाकली. म्हटलं, चारचौघांत तुझी शोभा नको."

 फिर्मिनला मुंग्यांचा उलगडा झाला. पण त्याच्यातला बसवाला हिशेब करत होता. "तरीसुद्धा," तो म्हणाला, "दुपटीने अख्खी शेड उडत नाही. फार तर दोन-चार बाटल्या फुटल्या असत्या. एवढं व्हायला अजून..."

लुतगार्डने सावकाश मान वळवली.

"ओमेर. तू कॉफीत साखर कधीपासून घालायला लागलास?"

ओमेर आपल्या बुटांकडे बघू लागला.

"तुम्ही दोघं लुतगार्डच्या बहिणीकडे गेला होतात ना," तो पुटपुटला, "तेव्हा मी एक बाटली उघडून चाखली. भरून दोनच दिवस झाले होते, फेस कुठला असायला! नुसतं संत्र्याचं पाणी. मला रडूच आलं. म्हटलं, हा माझ्यासाठी एवढा राबतोय आणि गल्ली याला हसणार. म्हणून दुसऱ्या दिवशी... सगळ्या बाटल्यांत... एकेक वडी."

"एकेक?"

"मोठ्या असतील त्यांत दोन."

 खुराड्यात ब्लाउके मान पंखात खुपसून गाढ झोपली होती. मग ओमेरच्याच पोटातून हसू फुटलं. श्वास लागेपर्यंत तो हसला. लुतगार्डने त्याची पाठ चोळली, फिर्मिनने पाणी आणलं, आणि त्याच्या छातीला जपायचं म्हणून ते दोघे जमेल तितकं हळू हसले.

संध्याकाळी कबुतरवाल्यांच्या क्लबात पाववाल्याला बक्षीस म्हणून डुकराची खारवलेली मांडी मिळाली. कुणीतरी विचारलं, "ओमेर, ब्लाउके इतक्या जवळ येऊन उशीर कसा रे?"

"वाटेत बिअर प्यायला थांबली होती," ओमेर म्हणाला. "मग पायी आली."

आमच्या गावात कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. फक्त पाववाल्याने कान टवकारले.

"कोणती?"

"फिर्मिनची."

"काय सांगतोस! उडत्या पाखराला खाली उतरवणारी बिअर? फिर्मिन, कृती सांग ना!"

फिर्मिन मागच्या बाकावरून उठला. छाती फुगवली, घसा खाकरला. "घ्या लिहून! गहू, संत्र्याची साल, धने, आणि साखर..."

लुतगार्डने त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं.

"साखरेचं तेवढं," ती म्हणाली, "आम्हा तिघांना वेगवेगळं विचारा."