दोन वर्षं, लाजमी

दुसऱ्याच्या घरी गेलं की माणसं बेल वाजवतात, नाहीतर कडी वाजवतात. आमच्या कुडव्याच्या गल्लीत हवालदार गजभिये काकाजींच्या फाटकाला हात लावला की आतून आरोळी येते, "थम! कौन आता है?" उत्तर दिल्याशिवाय पुढं पाऊल टाकायचं नाही. फौजी रिवाजानं याचं उत्तर 'दोस्त' असं आहे. पण आमचा दूधवाला सकाळच्या घाईत नुसतं "दूध!" म्हणून ओरडतो, आणि काकाजी तितक्याच गंभीरपणे त्याला आत सोडतात, "आगे बढ़, दूध!" मी पहिल्यांदा गेले ती काकूंचे ब्लाउज द्यायला. आरोळी ऐकून पिशवी हातातून पडली आणि तोंडातून निघालं, "ब्लाउज!" तेव्हापासून त्या घरात मी ब्लाउज म्हणूनच आत जाते.

माझं शिवणकामाचं दुकान त्यांच्या फाटकासमोर आहे, त्यामुळे हा माणूस मला दिवसभर दिसतो. चोवीस वर्षं फौजेत काढली, मग एका बँकेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन उभे राहिले. ती दुनळी एकदाही उडाली नाही, याचा त्यांना भल्ला अभिमान. "एक गोली खर्च नाही केली बँकेची," असं छाती काढून सांगतात. वय पासष्ट, मिशा पांढऱ्या, आणि पाठ अशी सरळ की शर्टाचं माप घेताना मला टेप कुठं वाकवावी लागत नाही.

त्यांच्या तोंडी एक शब्द कायम असतो, लाजमी. म्हणजे सक्तीचं. सकाळी उठून तांब्याभर पानी, लाजमी. पायात लेसचे बूट, लाजमी. आणि सगळ्याच्या वर, देशातल्या प्रत्येक माणसाला दोन वर्षं फौज आणि रायफलीचं शिक्षण, लाजमी! "बाई असो का बुवा, शेठ असो का साहेब. अठरा पुरे झाले का दोन वर्स. कोनी सुटाचा नाही."

यावर वाद घालणारे गल्लीत कमी नव्हते. कुणी म्हणे, हरेकाच्या हाती बंदूक आली तर बांधावरच्या भांडणात मुडदे पडतील. कुणी म्हणे, आवड असेल तो जाईल, जबरदस्ती कायले? मीही त्यातलीच. एकदा मशीन थांबवून म्हणाले, "काकाजी, मी दोन वर्स फौजेत गेली त लगीनसराईत बायांचे ब्लाउज कोन शिवंल?"

"दुसरे टेलर शिवतीन," काकाजी शांतपणे म्हणाले. "त्याइची पाळी आली का तू शिवजो."

मी पुन्हा मशीन सुरू केली.

दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की काकाजी कलेक्टर कचेरीत एक अर्ज नेऊन द्यायचे. देशाचा कायदा बदलायला वेळ लागेल हे त्यांनाही कळत होतं, म्हणून खाली एक छोटी मागणी असायची: तोवर निदान आमच्या गल्लीतल्या नागरिकांना एक दिवस रायफल चालवू द्यावी. सात वर्षांत सात अर्ज झाले. उत्तर आलं नाही की म्हणायचे, "वरतं गेला असंल. वरतं जायाले टाइम लागते." आम्ही सगळे त्यावर सह्या करायचो. खरं सांगू? एकदाचे टळावेत म्हणून करायचो, आणि पाठ वळली की हसायचो.

आणि बापा, सातव्या अर्जाला उत्तर आलं! नागरिकांसाठी एक दिवसाचं रायफल शिबिर होणार होतं आणि आमच्या गल्लीला त्यात जागा होती. अट एकच. पूर्ण वीस माणसं हवीत, आणि तीही कधी फौज-पोलिसात न गेलेली. एकोणीस भरली तर जागा दुसऱ्या गावाला. काकाजींनी ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्या वेळी हळूच म्हणाले, "टेलरबाई, वीस त भेटतीन ना वं?" एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाला असं विचारताना मी कधी पाहिलं नव्हतं. सात वर्षं आपण याला हसलो, आता वीस माणसं भरली नाहीत तर हा कायमचा मोडेल, हे मला तिथंच कळलं. मी दुकान बंद केलं आणि दारोदार हिंडले.

वीस नावं झाली. बाराजणी बाया, आठ पुरुष. त्यात पानठेलेवाला तिवारीही होता, ज्याला बसलेला उठवायलाच दोन माणसं लागतात. एकच बाई नाही म्हणाली, ती म्हणजे खुद्द काकू. "मी नाही येत," एवढंच बोलून त्या घरापुढच्या ओट्यावर भाजी निवडत बसल्या. काकाजींनीही आग्रह केला नाही. साऱ्या जगाला लाजमी आणि घरात माफी! मी हे त्यांना तोंडावर बोलून दाखवलं, तर त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

त्यांच्या घराला लागून बुद्धविहाराचं मैदान आहे. तिथं महिनाभर रोज सकाळी आमची कवायत झाली. रायफली कुठून आणणार? सगळ्यांनी आपापल्या घरचे फावड्याचे दांडे आणले. काकाजी प्रत्येक दांडा डोळ्याजवळ नेऊन 'नळी साफ आहे का' ते बघायचे. पहिल्याच दिवशी तिवारी दांडा खांद्यावर घेऊन गर्रकन वळला आणि काकाजी गरजले, "तीन माणसं मेली!"

"अरे काकाजी, डंडा तो है," तिवारी म्हणाला.

"डंडा समजूनच मरतात लोक," काकाजी म्हणाले, आणि त्याला मैदानाला चक्कर मारायला लावली. अर्ध्या चकरेत तिवारी बसला.

पहिले पंधरा दिवस त्यांनी आम्हाला गोळी कशी मारायची हे शिकवलंच नाही. कशी मारायची नाही, तेवढंच. नळीचं तोंड कुणाच्या अंगावर नाही. बोट घोड्यावर नाही. बंदूक रिकामी आहे असं सख्ख्या बापानं सांगितलं तरी आपल्या डोळ्यांनी पाहायचं. हे इतकं अंगात भिनलं की पोरीनं टीव्हीचा रिमोट माझ्याकडं रोखला तर मी बाजूला सरकायची. एका म्हातारबाईनं शंका काढली की आपण पंचशील घेतलेली माणसं, बंदूक धरावी का? काकाजी म्हणाले, "कागदाले मारायचं हाय माय. कागदात जीव नाही." म्हातारबाई समाधानानं पुन्हा रांगेत उभी राहिली.

मग शिवरात्र आली आणि आमची पलटण नागऱ्याच्या जत्रेला निघाली. महादेवाचं दर्शन झाल्यावर काकाजींनी फुगेवाल्याच्या दुकानापुढं आम्हाला उभं केलं आणि हुकूम सोडला, "लेटकर पोजिशन!" वीस माणसं, त्यात बारा साड्या, भर जत्रेत धुळीत पालथी पडली. लोकांना वाटलं, नवसाचं लोटांगण चाललंय. दोन म्हाताऱ्या तर आमच्या पाया पडून गेल्या.

फुगेवाला हात जोडून म्हणाला, "भैया, खड़े-खड़े मारो ना. सब खड़े-खड़े मारते हैं."

काकाजींनी त्याची बंदूक उचलून नीट पाहिली. "तेरी बंदूक बाएँ मारती है."

"धीरे बोलो भैया," तो कासावीस होऊन म्हणाला, "धंदा है."

त्या दिवशी आम्ही त्याचे सगळे फुगे फोडले. सुईत दोरा ओवायची सवय असल्यामुळे असेल, पण माझा नेम एकदाही चुकला नाही. काकाजी म्हणाले, "शाबास!" लग्न झाल्यापासून मला हा शब्द कुणी म्हटला नव्हता.

शिबिराच्या दिवशी आम्ही टेम्पोनं गोळीबाराच्या मैदानावर पोचलो. काकूही आल्या होत्या, पण पोह्यांचे डबे घेऊन. तिथल्या डॉक्टरांनी सगळ्यांचं ब्लडप्रेशर मोजलं आणि तिवारीला बाजूला बसवलं. त्याचं भलतंच वाढलं होतं. झालं! एकोणीस उरले.

शिकवणारे साहेब तरुण होते, बोलायला नम्र. "बाबा, पाच-पाचच्या चार तुकड्या लागतात. एक कमी आहे."

"मी हावो ना साहेब."

"तुम्ही फौजी. तुम्हाला नाही चालत."

मला वाटलं काकाजी वाद घालतील, हातापाया पडतील. त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मला दिसत होतं. पण ते सरळ उभे राहिले. "नियम हाय," म्हणाले, आणि आमच्याकडं वळले, "चला, टेम्पोत बसा."

मी रडकुंडीला आले. इतक्यात काकूंनी पोह्यांचा डबा माझ्या हातात कोंबला. "हे धर वं." आणि साहेबांपुढं जाऊन म्हणाल्या, "माहं नाव लिहा. आधार कार्ड पर्समंदी हाय."

"आई, काही शिकलात का तुम्ही?"

"महिनाभर ओट्यावरून पाह्यलं ना." आणि साहेबांनी विचारायच्या आतच त्यांनी म्हणून दाखवलं, "तोंड कोनाच्या अंगावर नाही. बोट घोड्यावर नाही. रिकामी हाय म्हनलं तरी भरोसा नाही."

साहेबांनी हसून विसावं नाव लिहिलं.

मी पाच गोळ्या मारल्या आणि पाचही कागदावर लागल्या. त्याबद्दल मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते, त्यामुळे इथं आवरते. काकू शेवटच्या तुकडीत होत्या. त्या साडी सावरून पालथ्या पडल्या, खांद्याला रायफल टेकवली. महिनाभर साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडणारे काकाजी दोरीच्या मागं मुके उभे होते. नुसते ओठ हलत होते. निशाण्याकडं त्यांनी पाहिलंच नाही, ते काकूंकडं पाहत होते. पाच आवाज झाले. साहेब ओरडले, "आई, चार लागल्या! एक तर मधोमध!" आम्ही अशा टाळ्या वाजवल्या की विचारू नका.

निघताना त्या साहेबांनी काकाजींना कडक सॅल्यूट ठोकला. "इतकी शिस्तीची माणसं आजवर कुणी आणली नाहीत, सर." काकाजींनी सॅल्यूट परत दिला. हा माणूस आमच्या गल्लीतला आहे, असं तिथल्या प्रत्येकाला धरून सांगावंसं वाटलं.

परतताना टेम्पोत मी मस्करी केली, "काकाजी, आता काकूले दोन वर्स लाजमी!" सगळे हसले. काकाजी हसले नाहीत.

"तिचे झाले," ते म्हणाले. "चोवीस वर्स झाले."

मग कुणी न विचारता बोलू लागले. "आमची लीला तीन वर्साची होती. मी सुट्टीत आलो त चवथ्या दिवशी मायले इचारते, 'हा पाहुना कवा जाते?' मी बाजूलेच बसून होतो. धान हिनं एकटीनं काढला. माह्या बापाले दवाखान्यात हिनंच नेलं, अन शेवटचं पानीही हिनंच पाजलं. हरेकानं दोन-दोन वर्स वाटून घेतले असते त मी दोनात घरी आलो असतो. बाकीचे बावीस वर्स घरी राहिलो असतो. म्हनून म्हनतो, वाटून घ्या. एकाच माणसाले इतके वर्स पाहुना नोका करू."

म्हणजे हे होतं! आम्ही समजत होतो बुडग्याला बंदुकीचं वेड आहे. माझी मलाच लाज वाटली.

काकू बाहेर पाहत म्हणाल्या, "बावीस वर्स घरी राहिले असते त मले रोज सावधान-विश्राम करावं लागलं असतं. बरं झालं नाही राहिले." टेम्पो हसून हसून हलला, काकाजीही हसले. पण कुडवा येईपर्यंत काकूंनी तोंड काही आमच्याकडं वळवलं नाही.

यंदाच्या सव्वीस जानेवारीला झेंडा झाल्याबरोबर काकाजी आठवा अर्ज घेऊन माझ्या दुकानात आले. पहिलं कलम जुनंच होतं. खाली नव्या शाईनं दुसरं लिहिलं होतं: 'जो फौजी जितकी वर्षे घरापासून दूर राहिला, तितकीच वर्षे त्याच्या पत्नीची देशसेवा धरण्यात यावी, व तसे प्रमाणपत्र तिच्या नावाने देण्यात यावे. हे लाजमी करावे.'

माझे डोळे भरून आले. "काकूले दाखवलं?"

"नाही." काकाजींनी मागं वळून फाटकाकडं पाहिलं. "भेटलं त एकदम तिच्या हातातच देईन. तवापर्यंत तिले सांगजो नोको वं."

मी सही केली आणि घाईघाईनं तो कागद शिवायच्या कापडाखाली सरकवला, कारण फाटक उघडून काकू आमच्याच बाजूला येत होत्या.