सदर पदार्थ टाको नव्हे

शहरात टाको विकणारी उपाहारगृहे उदंड झाली असून त्यांतले सर्वोत्तम कोणते याबाबत नागरिकांत एकवाक्यता नाही, ही गंभीर बाब नगराध्यक्षांच्या निदर्शनास आली ती त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर. थोरले व्याही पुलाजवळच्या हॉटेलाची तारीफ करत होते, धाकटे व्याही स्टेशनसमोरच्या. शब्दाने शब्द वाढला आणि दोघेही अर्ध्या ताटावरून उठून आपापल्या गाडीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी कचेरी उघडताच नगरपालिकेत टाको मूल्यमापन समिती स्थापन झाली.

खाद्य विभागातल्या उपनिरीक्षकांना ही बातमी कळली तेव्हा ते एका हॉटेलाच्या मागच्या दारी वाकून तुंबलेल्या मोरीत विजेरी मारत होते. शहरातले प्रत्येक हॉटेल त्यांना ठाऊक होते, पण मागून. कुणाची जाळी तुटली आहे, कुणाकडे घुशी आहेत, हे ते झोपेतही सांगू शकत. चव मात्र एकाचीही ठाऊक नव्हती. तपासलेल्या हॉटेलात खाऊ नये असा नियम होता, आणि तपासल्यावर तिथे खायची इच्छाही उरत नसे. ‘आता पुढच्या दाराने जायचं,’ असे ठरवून त्यांनी हात धुतले, ते आपल्या खात्याच्या साहेबांच्या मागे लागले, आणि आठवड्याच्या आत समितीचे सदस्य-सचिव झाले.

“अहो, म्हणजे ऑफिसच्या खर्चाने तुम्ही गावभर टाको खात हिंडणार?” बायकोने विचारले.

“खाणार नाही. नमुने घेणार.”

“मग घरी जेवायला असणार की नाही?”

“नमुने किती भरतात त्यावर आहे.”

बायकोने हातातले काम ठेवले आणि ती समोर येऊन बसली. तिच्या धाकट्या बहिणीने धोबीखान्यामागच्या गल्लीत नुकतेच टाकोचे छोटे दुकान टाकले होते. एक तवा, एक फळी, बसायला चार स्टुले. “हे बघा, धाकटीला पहिला नंबर द्या असं मी म्हणत नाही. लोक बोलतील. दुसरा द्या.”

“अगं, असं ठरवून देता येत नाही.”

“मग समितीत कशाला गेलात?”

हा प्रश्न उपनिरीक्षकांनी विचाराधीन ठेवला.

समिती तीन जणांची होती. अध्यक्ष स्वतः साहेब. तज्ज्ञ म्हणून संख्याशास्त्राच्या एक प्राध्यापिका. त्यांना टाकोतले काही कळत नव्हते, पण सरासरी काढता येत होती. आणि उपनिरीक्षक. पहिल्या दिवशी तिघे सरकारी गाडीतून निघाले. पहिल्या हॉटेलात उपनिरीक्षकांनी मक्याच्या गरम पोळीत भाजलेले मांस, वर बारीक कांदा, वर लिंबू, असा तो टाको तोंडात घातला आणि डोळे मिटून दहापैकी दहा गुण दिले. दुसरीकडे नऊ. पाचव्या हॉटेलात त्यांनी पट्टा सैल केला आणि चार दिले. सातव्या हॉटेलात वेटर ताटली घेऊन येताना दिसताच त्यांनी शून्य दिले.

संध्याकाळी प्राध्यापिकांनी आकडे मांडले. “यात टाकोचा काही संबंध नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही भुकेला गुण दिले आहेत. जे हॉटेल आधी लागलं ते चांगलं.”

मुद्दा बिनतोड होता. साहेबांनी फर्मावले, की यापुढे प्रत्येक हॉटेलात सदस्यांची भूक समान असावी. भूक कशी मोजायची, यावर दोन बैठका झाल्या. दिवसाला एकच हॉटेल घ्यावे, असेही निघाले. पण त्या हिशेबाने निकाल लागेपर्यंत नगराध्यक्षांची मुदत संपत होती. शेवटी नमुना चावावा, पण गिळू नये, असा तोडगा निघाला. हा तोडगा स्टेशनसमोरच्या हॉटेलात भरल्या गर्दीत एकदा अमलात आणला गेला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मुलांचे डोळे झाकले. तोडगा मागे घेण्यात आला.

इथवर सगळे रीतसर चालले होते. माशी शिंकली ती साहेबांच्या साडूवरून. पुलाजवळचे मोठे हॉटेल साहेबांच्या साडूचे होते, आणि प्रत्येक बैठकीत साहेब सहज म्हणून सांगत, “तसं पुलाजवळचं वाईट नाही हं. आम्ही दर रविवारी जातो.” धाकटीचा दुसरा नंबर हातचा जाताना उपनिरीक्षकांना दिसू लागला. आयुष्यात कधी केले नव्हते ते त्यांनी त्या दिवशी केले. बैठकीत तोंड उघडले.

“साहेब, ज्या सदस्याने एखाद्या ठिकाणी आधी खाल्लं आहे, त्याच्या मनात आवड उत्पन्न झालेली असणार. आवड म्हणजे पूर्वग्रह. तेव्हा अशा सदस्याने तिथले गुण देऊ नयेत.”

साहेबांचा चेहरा पडला. प्राध्यापिकांचा मात्र उजळला. “अगदी बरोबर! पण तिथलेच का? एका ठिकाणी टाको खाल्ला की माणूस दुसऱ्या ठिकाणी त्याच्याशी तुलना करणारच. ज्याने आयुष्यात कधीही टाको खाल्ला आहे, त्याने चव घेणं शास्त्राला धरून नाही.”

“पण मग चव घेणार कोण?” उपनिरीक्षकांनी घाबरून विचारले.

“ज्याने कधी खाल्ला नाही तो.”

“आणि त्याने एक खाल्ला की?”

“बाद.”

साहेबांना साडूचे दुःख होते, पण उपनिरीक्षकही उपाशी राहणार हे पाहून ते पुष्कळ हलके झाले. ठराव एकमताने मंजूर झाला. चव हा निकष व्यक्तिसापेक्ष असल्याने वगळण्यात आला, आणि त्याच्या जागी मोजता येणारे निकष आले: टाकोची लांबी, वजन, घडीचा कोन आणि गळती. गळती म्हणजे टाको आडवा धरला असता त्यातून जे बाहेर येते ते. एक थेंबही गळता कामा नये. या निकषांत जो बसणार नाही तो टाको नव्हे, आणि जो टाको नव्हे तो टाको म्हणून विकता येणार नाही, हे ओघानेच आले. परिपत्रकावर सही सदस्य-सचिवांची होती.

महिनाभरात शहराचे टाको सुधारले. आधी रस गेला. मग कांदा गेला, कारण तो घसरत असे. पुलाजवळच्या हॉटेलात पोळी लाकडासारखी कडक भाजून आतला मालमसाला चीजने चिकटवू लागले. त्यांचा टाको जमिनीवर आपटला तरी घडी उलगडत नसे, आणि साडू ते गिऱ्हाइकांना आपटून दाखवत. एक वृद्ध गृहस्थ त्यावर दात हलवून घेऊन दवाखान्यात गेले, पण दात हा निकष नसल्याने त्याची दखल घेता आली नाही.

धाकटीच्या दुकानाची तपासणी उपनिरीक्षकांनी होता होईतो लांबवली. शेवटी एका दुपारी प्राध्यापिका स्वतःच त्यांना घेऊन गल्लीत शिरल्या. धोबीखान्यातून गरम वाफ येत होती. चारही स्टुलांवर माणसे होती, आणखी चार भिंतीला टेकून उभी होती, आणि कुणी बोलत नव्हते, कारण सगळ्यांची तोंडे भरलेली होती.

“या भाऊजी!” धाकटीने तव्यावरून हाक मारली. “किती दिवसांनी! ताई कशी आहे? बसा, आधी खाऊन घ्या.”

“मी कामावर आहे,” उपनिरीक्षक म्हणाले. त्यांच्या पोटात कावळे ओरडत होते. ठराव झाल्यापासून टाकोचा घास त्यांना वर्ज्य होता, आणि रोज दहा ठिकाणी तो नाकासमोरून जात होता.

तिने ताटली समोर ठेवली. माशाचा टाको होता. वरून लिंबू पिळताना त्याचा एक शिंतोडा त्यांच्या गालावर उडाला. उपनिरीक्षकांनी खिशातून कोनमापक काढला.

“हे काय?”

“घडी मोजतो.”

“अहो, गार होतोय!”

“तापमान हा निकष नाही.” मग त्यांनी प्राध्यापिकांकडे पाठ करून आवाज खाली आणला. “हे बघ, तू रस जरा कमी घाल. थोडा सुका कर. माझ्यासाठी कर.”

“भाऊजी, सुका करायला काही लागत नाही,” धाकटी म्हणाली. “पण मग तो खायचा कशाला?”

“हे मोठ्याने बोलू नकोस. नोंद करावी लागेल.”

“करा की! मी सकाळी बाजारात जाऊन मासा आणते, पोळ्या हाताने थापते. माणसं येतात, खातात, उद्या परत येतात. याची नोंद कुठे करता?”

उपनिरीक्षकांनी टाको उचलला आणि नियमाप्रमाणे आडवा धरला. रसाचा एक जाड ओघळ त्यांच्या मनगटावरून कोटाच्या बाहीत शिरला. त्यांनी पटकन हात पाठीमागे नेला. पण प्राध्यापिकांची नजर बाहीवर होती.

“गळती,” त्या म्हणाल्या. त्या दुष्ट नव्हत्या. त्यांना फक्त दिसत होते. “चाटू नका हं. तुम्ही बाद आहात.”

तिथल्या आठही माणसांसमोर उपनिरीक्षकांना वाचून दाखवावे लागले: सदर पदार्थ टाको नव्हे, सबब त्यास टाको म्हणण्यास मनाई करण्यात येत आहे. धाकटीने एका गिऱ्हाइकाला उठवून स्टूल ओढले, ती त्यावर चढली, आणि स्वतःच्या हाताने रंगवलेल्या पाटीवरचा ‘टाको’ हा शब्द फडक्याने पुसू लागली. रंग पक्का होता. पुसायला वेळ लागला. तेवढा वेळ उपनिरीक्षक ओली बाही घेऊन उभे होते.

त्या रात्री बायकोने त्यांच्या पानाशेजारी मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी ठेवली. “भात किती लांब वाढू?” तिने विचारले, आणि त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही.

निकालाचा दिवस उजाडला तेव्हा समितीपुढे नवेच संकट होते. एकूण एक हॉटेलात काही ना काही खोट निघाली होती. साडूच्या टाकोला गळती नव्हती, पण चीजमुळे वजन वाढले होते. स्टेशनसमोरच्यांचा कोन चुकला होता. नगराध्यक्ष स्वतः येऊन बसले होते. निकालाशिवाय व्याही घरी यायला तयार नव्हते.

“एकही निर्दोष नाही?” त्यांनी विचारले.

उपनिरीक्षक कित्येक दिवसांचे उपाशी होते, घरात अबोला होता, आणि बाहीचा डाग गेला नव्हता. कपाळाला हात लावून ते वैतागून म्हणाले, “एक आहे ना. नाट्यगृहाच्या चौकातलं. अजून बांधकाम चालू आहे. परवान्याचा अर्ज आलाय, तवासुद्धा आलेला नाही. गळती नाही, वजन जास्त नाही, तक्रार नाही. तिथे कुणी खाल्लेलंच नाही, म्हणजे पूर्वग्रहही नाही!”

उपनिरीक्षकांना वाटले, आता नोकरी गेली.

“उत्कृष्ट,” प्राध्यापिका म्हणाल्या.

“माझ्या साडूचं नाही, उपनिरीक्षकांच्या मेहुणीचं नाही,” साहेब म्हणाले. “शंका घ्यायला जागाच नाही.”

नगराध्यक्षांनी उठून उपनिरीक्षकांचा हात हातात घेतला. सायंकाळपर्यंत नाट्यगृहाच्या चौकातल्या पत्र्याच्या कुंपणावर ‘शहरातील सर्वोत्तम टाको’ असा भव्य फलक लागला. उपनिरीक्षक निरीक्षक झाले.

बढतीचा हुकूम खिशात घालून ते दुसऱ्या दिवशी भर दुपारी धोबीखान्यामागच्या गल्लीत गेले. समिती बरखास्त झाली होती. आता त्यांना कुणी अडवणार नव्हते. पाटीवर नुसते ‘गरम गरम’ एवढेच उरले होते. स्टुले भरलेली होती. गिऱ्हाइके येत आणि म्हणत, “दोन ते द्या.” “मला ते, तिखट जास्त.”

धाकटीने भाऊजींकडे पाहिले. “काय देऊ?”

“ते.”

“ते म्हणजे काय? नाव सांगा.”

निरीक्षकांनी इकडे तिकडे पाहिले, पुढे वाकले, आणि स्वतःच्या सहीचे परिपत्रक मोडून हळूच म्हणाले, “टाको दे गं. चुकलं माझं.”

तिने दिला. त्यांनी तो उभ्याउभ्याच खाल्ला. डोळ्यांत पाणी आले ते तिखटाने, असे त्यांनी नंतर घरी सांगितले. आणखी एक त्यांनी बायकोसाठी बांधून घेतला.

घरी जायचा रस्ता नाट्यगृहाच्या चौकातून होता. पत्र्याच्या कुंपणापासून निघालेली रांग चौक ओलांडून, बँकेला वळसा घालून, थेट बागेपर्यंत पोहोचली होती. आत गवंडी विटा रचत होता. बाहेर माणसे घड्या घालायच्या खुर्च्या आणि छत्र्या घेऊन आली होती. काहींनी मोबाइलवर आपले मत नोंदवूनही टाकले होते: ‘गर्दी आहे, पण वाट पाहण्यासारखं.’ एकाने साडेचार तारे दिले होते. अर्धा तारा गाडी लावायला जागा नाही म्हणून कापला होता.

रांगेतल्या एका गृहस्थाने निरीक्षकांच्या हातातल्या पुडक्याकडे पाहून नाक वर केले. “वा, काय वास येतोय! कुठे मिळालं?”

“मागच्या गल्लीत. पाच मिनिटांवर आहे. चला, दाखवतो.”

“नंबर कितवा?”

“नंबर नाही.”

“मग नको,” ते गृहस्थ म्हणाले, आणि आपली जागा जाईल या भीतीने घाईघाईने पुढच्याला चिकटले.

निरीक्षकांनी रांगेवरून एकदा नजर फिरवली. बरेच ओळखीचे चेहरे होते. तुम्हीही दिसलात त्यांना, बँकेच्या कोपऱ्यावर, मोबाइलमध्ये डोके घालून. हाक मारणार होते, पण पुडके गार होत होते. तेव्हा हसताय काय? पुढे सरका जरा, तुमच्या मागचे खोळंबलेत.