नानांची उंची आणि दातांच्या दवाखान्याची भिंत

भूमिती कुणाच्या बापाची नाही. हे मी आमच्या मालकांच्या तोंडावर सांगितलं, तेही कारखान्यात, करवत बंद असताना, म्हणजे सगळ्यांना नीट ऐकू जाईल असं.

आम्ही भिंतीत बसणारी कपाटं बनवतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बावीस वर्षं मी लोकांच्या खोल्यांची मापं घेतोय. आणि एका सकाळी मालकांनी कडक इस्त्रीचा एक इंजिनिअर आणून माझ्यासमोर उभा केला. त्याच्याकडे तीन पायांचं यंत्र होतं. खोलीत ठेवलं की ते स्वतःभोवती गिरकी घेतं आणि भिंती मोजून टाकतं.

"मिस्त्री, आता मापं हे घेतील," मालक म्हणाले. "तुम्ही पॅकिंगला जा. तिथे माणूस कमीच आहे."

पॅकिंग! बावीस वर्षांनी मी खोक्यांना चिकटपट्टी लावायची!

"हे यंत्र आत करतं काय?" मी इंजिनिअरला विचारलं.

"थ्री-डी भूमिती असते. मॅट्रिक्स वगैरे. तुम्हाला नाही कळणार, काका."

काका म्हणाला ते मी सोडून दिलं. पुढचं नाही सोडलं. माणसाला एखादी गोष्ट कळणार नाही हे दुसऱ्यानं कोणत्या पट्टीवर मोजायचं? मी तिथल्या तिथे सांगितलं, की यंत्र राहू द्या, माझ्या मोबाइलनं चार फोटो काढून तुम्हाला भिंतीचं माप काढून देतो. चार महिने द्या.

"टेपला हात न लावता?" मालकांनी विचारलं.

"टेपला हात न लावता."

"जमलं तर मापाचं काम तुमचं. नाही जमलं तर पॅकिंग. आणि मग कुरकुर ऐकून घेणार नाही."

मी पुस्तकं आणली. तेव्हापासून पुस्तकं लिहिणाऱ्यांवर माझा जो राग आहे तो आजतागायत उतरलेला नाही. हे लोक चार ओळी नीट लिहितात आणि पाचव्या ओळीत म्हणतात, 'हे उघडच आहे.' त्या ओळीवर मी अकरा दिवस बसून होतो. उघड असतं तर पुस्तक कशाला विकत घेतलं असतं? दुसरा एक तर म्हणतो, 'पुढचं वाचकाने स्वतः सिद्ध करावे.' मी कपाट अर्धं ठोकून गिऱ्हाइकाला सांगतो का, की दारं तुम्ही स्वतः बसवून घ्यावीत?

शेवटी पुस्तक मिटलं आणि खिडकीशी गेलो. खुर्चीच्या पाठीवर हनुवटी टेकवली, एक डोळा मिटला आणि समोरच्या इमारतीचे कोपरे जिथे दिसत होते तिथे काचेवर स्केचपेननं ठिपके दिले. डोळा म्हणजे कॅमेरा, काच म्हणजे फोटो. संपलं. ज्या गोष्टीला पुस्तकानं चाळीस पानं खाल्ली ती माझ्या खिडकीवर आठवड्याभरात उतरली.

बायको मागे येऊन उभी राहिली. "अहो, समोरच्या बाई येऊन गेल्या. विचारत होत्या, तुम्ही त्यांना रोज डोळा का मारता?"

"कॅमेऱ्याला एकच डोळा असतो."

"हे त्यांच्या नवऱ्याला सांगा. खाली उभा आहे."

त्याला सांगितलं. त्याला भूमिती कळली नाही. माझा चष्मा मात्र नवीन करावा लागला.

मग दोन फोटोंचं प्रकरण आलं. एकच कोपरा दोन जागांवरून टिपायचा, दोन्ही ठिकाणांहून त्याच्याकडे सरळ रेघ ओढायची, रेघा जिथे भेटतील तिथे कोपरा. मी दिवाणखान्यात खिळे ठोकले आणि दोरे ताणले. त्या दोऱ्यांत पहिल्याच दिवशी आमचे सासरे अडकले.

सासरे, म्हणजे नाना, निवृत्त झाल्यापासून सासूबाईंसह आमच्याकडेच असतात. वजनमाप खात्यात तीस वर्षं निरीक्षक होते. कापडवाल्याची मीटरपट्टी अर्ध्या सेंटिमीटरनं आखूड असली तर दुकानाच्या पायरीवरून ओळखायचे आणि जप्त करायचे. ताठ मान, ताठ पाठ. सोफ्यावरसुद्धा असे बसतात, की जणू कुणी त्यांना लंब टाकून बसवलंय.

"जावईबापू, हे काय विणलंय?" गळ्यातला दोरा सोडवत त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. घरात पहिल्यांदा कुणीतरी शेवटपर्यंत ऐकलं. वर म्हणाले, "उत्तम. पण प्रमाण कुठून आणणार?"

नेमकी तिथेच मेख होती. फोटोला आकार कळतो, माप कळत नाही. खरं घर आणि त्याच आकाराचं काडेपेटीएवढं घर, दोन्हींचा फोटो सारखाच येतो. एक तरी लांबी पक्की ठाऊक हवी, मग बाकी सगळं तिच्यावरून निघतं. ती वस्तू लांब असावी. वीतभर वस्तूवरून भिंत काढली तर वीतभरातली बारीक चूक भिंतीएवढी फुगते. आणि टेपला तर हात लावायचा नव्हता.

"मला उभं करा," नाना म्हणाले. "पाच फूट आठ इंच. ओळखपत्रावर छापलेलं आहे."

वजनमाप निरीक्षक! सरकारी शिक्क्याचा माणूस! याहून पक्की पट्टी मला कुठे मिळणार होती?

परीक्षेची भिंत दातांच्या एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातली निघाली. खाली कपाटं आणि वर एकसंध दगडी फळी, तिच्यात बेसिनचं भोक. डॉक्टरीणबाईंनी चपला बाहेर काढायला लावल्या. नाना अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मी पाच जागांवरून फोटो काढले. घरी चार दिवस गणित केलं, तीनदा तपासलं आणि मालकांच्या टेबलावर कागद ठेवला. भिंत तीनशे सत्त्याहत्तर सेंटिमीटर.

"टेप लावून बघू का एकदा?" मालक म्हणाले.

"तुम्ही अट घातली होती," मी म्हणालो. माझा आवाज जरा चढला होता. "आता अटीवर राहा."

ते राहिले. चांगले राहिले! फळी कापून आली.

बसवायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला दोन पेशंटच्या मधली वेळ दिली होती. पण एक वकील घाईत होते, साडेबाराला त्यांची तारीख होती, म्हणून बाईंनी त्यांना आधीच खुर्चीत घेऊन तोंड बधिर करून ठेवलं आणि त्या बाहेर एक फोन घ्यायला गेल्या. तेवढ्यात आमचे चौघे सुतार फळी घेऊन आत शिरले, मागून मी आणि कौतुक बघायला आलेले नाना. फळी खोलीत आली तिरकी. सरळ करायला गेले तर एक टोक खिडकीच्या चौकटीत घुसलं आणि दुसरं दाराच्या. पुढे जाईना, मागे येईना. खोलीचे दोन भाग झाले. एका भागात आम्ही, दुसऱ्या भागात वकील.

"आआ आओ ऊआ आए," वकील म्हणाले.

"काय म्हणतायत?" एका सुतारानं विचारलं.

"अशिलाचं बोलत असतील," दुसरा म्हणाला.

डॉक्टरीणबाई फोनवरून परतल्या आणि दारातच थांबल्या, कारण दार उरलंच नव्हतं. "माझा पेशंट बाहेर काढा," त्या म्हणाल्या. "त्यांच्या बधिरपणाला पाऊण तास आहे. माझ्या सहनशक्तीला तेवढासुद्धा नाही."

शेवटी वकिलांना काळ्या कोटासकट फळीखालून रांगत काढलं. फळी काढताना ती बेसिनच्या भोकापाशी तडकली. मालक आले. त्यांच्या मागे कडक इस्त्री. मालकांनी खिशातून टेप काढला, भिंतीला लावला आणि माझ्याकडे न बघता वाचला. "तीनशे साठ."

सतरा सेंटिमीटर! मी आधी मोबाइलवर चिडलो. मग लेन्सवर. मग 'हे उघडच आहे' लिहिणाऱ्यावर. इंजिनिअर हसला नाही, आणि त्यामुळे मी जास्तच चिडलो. मालकांच्या हातातला टेप हिसकावून घेतला. हरलोच होतो, आता कसली अट? खिडकीचा कठडा मोजला. माझ्या कागदावर शंभर, टेपवर साडेपंच्याण्णव. दाराची उंची मोजली. तीही जास्त. जमिनीवर बसलो, भागाकार केले. प्रत्येक आकडा त्याच पटीनं मोठा होता. शंभराला साडेचार आणि वर थोडंसं. एकही इकडचा तिकडे नाही. म्हणजे माझी भूमिती शाबूत होती, फक्त सगळी खोली फुगली होती.

म्हणजे पट्टी खोटी होती.

मी मान वर केली. नाना भिंतीवरचं किडलेल्या दाढेचं चित्र फार लक्ष देऊन बघत होते.

"नाना, जरा दाराशी उभे राहता?"

"गुडघे दुखतायत."

"एक मिनिटच लागेल."

उभे राहिले. अगदी ताठ. टेप लावला. पाच फूट पाच इंच.

"वयानं माणूस खचतो," नाना हळूच म्हणाले.

"तीन इंच?"

"नोकरी फार अवघड होती."

"त्या ओळखपत्रावर?"

"त्यांनी विचारलं, मी सांगितलं. मोजलं कुणी नाही." मग ते माझ्या कानाशी आले. तीस वर्षं दुकानदारांना घाम फोडलेला माणूस कुजबुजत होता. "हिला नका सांगू. लग्न ठरताना हीच उंची सांगितली होती."

मी पेटलो होतो. अर्ध्या सेंटिमीटरसाठी लोकांच्या पट्ट्या जप्त करणारा हा माणूस स्वतः साडेसात सेंटिमीटर खोटा! माझं काम गेलं, फळी गेली, वकिलाची तारीख गेली. सगळ्यांसमोर ओरडणार होतो. तोंडही उघडलं होतं.

"चूक कोणाची, मिस्त्री?" मालकांनी विचारलं.

नाना अजून दाराला पाठ लावून उभे होते. ताठच.

"माझी," मी म्हणालो. "उंची मोजली नाही, ऐकली." आणि मालकांनी काही बोलायच्या आत कागदावरचा प्रत्येक आकडा त्या पटीनं भागून त्यांच्या हातात दिला. "आता यातला कुठलाही मोजा."

त्यांनी सगळे मोजले. अकरा मापं. सर्वांत जास्त चूक तीन मिलिमीटर निघाली. इंजिनिअरनं कागद घेतला, दोनदा वाचला आणि म्हणाला, "काका, हे एकट्यानं शिकलात?" त्या 'काका'चा मला राग आला नाही, म्हणून स्वतःचाच आला.

मालकांनी तडकलेल्या फळीवर बोट फिरवलं. "मला दोन्ही खरी दिसतायत," ते म्हणाले. "फळी पण आणि भूमिती पण. एक संधी देतो. उद्या ही भिंत पहिल्यापासून करा. टेपला हात न लावता. पण पट्टी म्हणून या वेळी तुम्ही स्वतः उभे राहा. फोटो हे काढतील." त्यांनी नानांकडे बोट दाखवलं. "तुमची उंची किती?"

"पाच फूट नऊ इंच," मी म्हणालो. वीस वर्षांच्या सवयीनं.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. पायापासून डोक्यापर्यंत, मग डोक्यापासून पायापर्यंत, दुकानाच्या पायरीवरून पाहायचे तसं.

"जावईबापू," ते अगदी प्रेमानं म्हणाले, "तुमचं लग्न ठरताना समोर मीच बसलो होतो. त्या दिवशी मी काही बोललो का?"

मी मालकांकडे वळलो आणि विचारलं, पॅकिंगला कधीपासून यायचं.