तो बूट कोणाचा

चष्मेवाला दुकानातून घरी आला तो शर्टाच्या आत काहीतरी लपवून, आणि नेमकी दारातच बायको भेटली. तो इतका ताठ चालत होता की तिने विचारलं, "पाठ भरलीय का?" "हो, जरा," म्हणून तो तसाच आतल्या खोलीत सटकला. शर्टात सिनेमाची एक डिस्क होती, आणि घरात नवीन डिस्क आणायला सक्त मनाई होती.

मनाईला कारणही तसंच होतं. या माणसाला जुन्या सिनेमांचं वेड, आणि तेही बघून सोडून देण्याचं नव्हे, जमवण्याचं. बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्रऱ्यांमधून त्याने पोती भरून कॅसेट आणल्या, त्यांच्यावरची बुरशी चष्मे पुसायच्या मऊ फडक्याने पुसली आणि डिस्कचा जमाना आला तेव्हा तेच सिनेमे पुन्हा डिस्कवर घेतले. "हा आहे ना आपल्याकडे?" असं कोणी विचारलं, तर तो शांतपणे समजावून सांगे की जुन्या प्रतीत पावसाचा नुसता आवाज येतो, या प्रतीत थेंब दिसतात. बायकोने हे सगळं वर्षानुवर्षं ऐकून घेतलं. पण मागच्या उन्हाळ्यात सिनेमांची फळी भिंतीतून सुटली आणि खालच्या कपाटातल्या तिच्या माहेरच्या काचेच्या सेटवर येऊन बसली. सेटमधलं फक्त साखरेचं भांडं वाचलं. "आता या घरात एक तर नवीन डिस्क येईल, नाहीतर मी राहीन," ती म्हणाली. चष्मेवाल्याने उत्तर द्यायला थोडा वेळ घेतला, तोही तिच्या लक्षात राहिला.

पण ही डिस्क वेगळी होती. हा बुटाचा सिनेमा होता.

कॉलेजात असताना त्याने हा सिनेमा टीव्हीवरून कॅसेटवर उतरवून घेतला होता. नायिका हॉटेलच्या खोलीत एकटी, इमारतीत खुनी मोकाट, दारावर टकटक होते. ती थरथरत्या हाताने दार उघडते, फटीतून एक बूट दिसतो, आणि कॅसेट संपते. तो बूट कोणाचा, हे चष्मेवाल्याला त्यानंतर कधीच कळलं नाही. सिनेमा पुन्हा लागला नाही, बाजारात मिळाला नाही, मूळ रिळंच हरवल्याचं लोक सांगायचे. हा प्रश्न त्याने लग्नाआधी बायकोला घातला, लग्नानंतर सासऱ्यांना घातला, आणि हळूहळू साऱ्या इमारतीला बूट पाठ झाला. आता इतक्या वर्षांनी एका जुन्या विक्रेत्याचा फोन आला, की रिळं सापडली, डिस्क निघाली, एक तुमच्यासाठी बाजूला ठेवलीय.

रविवारी बायको आणि आई दोघी मावशीकडे जाणार होत्या. तोवर डिस्क लपवायची कुठे? त्याने खूप विचार करून जागा शोधली. आईला डॉक्टरीणबाईंनी 'गुडघेदुखी: घरच्या घरी व्यायाम' अशी एक डिस्क दिली होती. ती आल्यापासून कोणी उघडली नव्हती. नुसती डबी दिसली तरी आईचे गुडघे दुखायला लागत. त्याने आतली व्यायामाची डिस्क रद्दीखाली सरकवली, तिच्या जागी बुटाचा सिनेमा ठेवला आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन जेवायला बसला.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी आईला दम भरला, की व्यायाम करायचा नसेल तर गुडघ्यात सुई घ्यावी लागेल. आई घरी आली, डबी उचलली आणि तळमजल्याच्या हॉलमध्ये ज्येष्ठांच्या मंडळात घेऊन गेली. दुखायचंच असेल तर सगळ्यांचं दुखू दे, असा तिचा विचार.

संध्याकाळी चष्मेवाल्याने कपाट उघडलं. डबी नव्हती.

"आई, तुझी गुडघ्याची डिस्क कुठंय?"

"मंडळात लावली. अरे, काय व्यायाम आहे तो! आधी एक लंगडा पहारेकरी जिना चढतो. आम्हीही सगळे उभे राहून चढलो. मग तो आडवा पडला. आम्ही आडवं पडणारच होतो, तेवढ्यात कळलं की त्याला सुरा मारलाय." आईने आवाज खाली आणला. "तुझा बुटाचा सिनेमाच की रे तो. कंपनीने चुकून भलत्या डबीत घातला बघ."

"आई, हळू. घरात बोलू नकोस हे."

आईला गुपित मिळालं की तिचे गुडघेसुद्धा दुखायचे थांबतात. ती आणखी जवळ सरकली. "नाही बोलत. पण ऐक ना, तो बूट निघतो—"

चष्मेवाल्याने दोन्ही कानांत बोटं घातली आणि मोठमोठ्याने गुणगुणायला सुरुवात केली. बायको स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली. आई बोलतेय आणि मुलगा कानात बोटं घालून गातोय, हे तिने या घरात कधी पाहिलं नव्हतं. काय झालं, म्हणून तिने विचारलं. कानाला दडे बसलेत, असं त्याने सांगून टाकलं. तिने तिथल्या तिथे फोन करून उद्या संध्याकाळची कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. एवढ्या खटाटोपातही बोटांच्या फटीतून एक शब्द आत शिरलाच होता: पोलीस.

त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. पोलीस? इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तो एक पोलीस? डबी आईने मंडळातल्या हेडमास्तरीणबाईंना दिली होती, एवढं मात्र त्याने कान झाकून, खुणांनी विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर हेडमास्तरीणबाई स्वतःच दुकानात आल्या. त्यांना नंबर तपासायचा होता. त्या बोलायला लागायच्या आत चष्मेवाल्याने त्यांची हनुवटी यंत्रावर टेकवली, कारण हनुवटी टेकली की माणसाचं तोंड बंद राहतं. त्याने त्यांना तिथे इतका वेळ बसवलं की मागची गिऱ्हाइकं निघून गेली. पण बाईंनी शाळेत त्याचे कान उपटले होते, त्या काही यंत्राला भिणाऱ्या नव्हत्या.

"पुरे झालं," त्या मान वर करून म्हणाल्या. "आणि ऐक, तुझ्या त्या दारात जुळा भाऊ आहे. मला आधीच संशय होता. डबी मी स्टेशनमास्तरांना दिलीय."

चष्मेवाल्याने दुकान अर्धवट बंद केलं आणि तो थेट निवृत्त स्टेशनमास्तरांच्या दारात गेला. काही बोलू नका, फक्त डबी द्या, अशी विनंती त्याने बेल वाजवायच्या आधीच ओरडून केली. स्टेशनमास्तरांना ऐकू कमी यायचं. त्यांनी दार उघडून डबी हातात दिली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "रिकामा बूट असतो हो. आत पायच नसतो. मानलं मी त्या सिनेमावाल्याला."

चष्मेवाला मटकन जिन्याच्या पायरीवर बसला. झालं, संपलं सगळं. रडावं असं त्याला मनापासून वाटलं. पोलीस, जुळा भाऊ, रिकामा बूट. आणि मग तो हळूच ताठ झाला. आयुष्यभर त्याने एकच काम केलं होतं: भिंतीवरचा तक्ता दाखवून लोकांना वाचायला लावणं. एकाच अक्षराला तीन माणसं तीन वेगळी अक्षरं म्हणाली, तर त्यातल्या कोणालाच ते दिसत नसतं.

त्याने डबी उघडली. ती रिकामी होती.

"काका," तो स्टेशनमास्तरांच्या कानाशी जाऊन म्हणाला, "खरं सांगा. हॉलमध्ये झोप कधी लागली?"

स्टेशनमास्तरांनी नजर दाराच्या कडीकडे वळवली. जेवण झालेलं, पडदे ओढलेले, पंखा चालू, असं ते पुटपुटले. टकटक ऐकली तेव्हा मंडळात एकही डोळा उघडा नसावा. डबी त्यांच्याकडे आली तीच रिकामी आली. पण बाईंनी शेवट इतका ठासून सांगितला होता, की आपण पाहिला नाही असं म्हणायची त्यांना लाज वाटली. मग त्यांनीही एक शेवट तयार केला.

"बाईंपेक्षा माझा बरा आहे," ते म्हणाले.

चष्मेवाल्याने भर जिन्यात त्यांना मिठी मारली आणि तो तळमजल्याकडे पळत सुटला. झोपलेल्या माणसांनी डिस्क काढली कशाला असेल? हॉलमधल्या यंत्राचं बटण दाबलं, तर ती आतच होती. त्याने पडदे ओढले, सिनेमा पुढे पळवून टकटकीपाशी आणला आणि टीव्हीसमोर फरशीवरच बसला. नायिका दाराकडे निघाली. थरथरता हात कडीवर गेला. दार किलकिलं झालं.

तेवढ्यात हॉलचंही दार किलकिलं झालं. फटीत आधी एक चप्पल दिसली, मग बायको.

"अहो, कानाच्या डॉक्टरांची—"

त्याने मागे न बघता एक हात वर केला. संसारात पहिल्यांदाच त्याने तिला असं थांबवलं होतं, आणि ती थांबली, कारण तिलाही पडद्यावर तो बूट दिसला होता. फट मोठी झाली. बूट, पँट, कोट, आणि मग चेहरा. चष्मेवाल्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. इतका देखणा शेवट, आणि तो त्याला कोणीही आधी सांगितलेला नव्हता.

"अगंबाई," बायको म्हणाली. "हा?"

"हाच."

तिने त्याच्या पाठीकडे पाहिलं. "त्या दिवशी पाठ भरली होती, ती हीच ना?"

"हो."

आता काय होईल ते होवो, अशा तयारीने तो बसून राहिला. बायकोने एक खुर्ची ओढली, तिच्यावर पर्स ठेवली आणि दुसरीवर स्वतः बसली. "मागे घ्या. अगदी पहिल्यापासून. लग्नाआधीपासून मला यातला फक्त बूट माहितीय." कानाचे डॉक्टर त्या संध्याकाळी वाट बघत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून चष्मेवाल्याच्या दुकानात चांगल्या डोळ्यांची माणसं नंबर तपासायला येऊ लागली. हनुवटी टेकवून ती हळूच विचारायची, "पोलीसच ना?" चष्मेवाला म्हणायचा, "खालची ओळ वाचा." पोटच्या पोराने निदान आईला तरी शेवट सांगावा, असं आईने म्हणून पाहिलं. तिचा हट्ट थांबेना, तेव्हा बायकोनेच स्वतःच्या कानांत बोटं घातली.

रविवारी मावशीकडे कोणी गेलं नाही, उलट मावशीच इकडे आली. हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या. डुलकी लागेल त्याला चिमटा काढायचं काम आईकडे होतं आणि तिने ते मनापासून केलं. टकटक झाली, दार उघडलं, बूट दिसला, चेहरा दिसला, आणि सगळा हॉल एकदम हुंकारला.

"मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होते," आई म्हणाली.

"मी तर दुकानात जाऊन सांगितलं होतं," हेडमास्तरीणबाई म्हणाल्या. स्टेशनमास्तरांनीही आपण हेच म्हटल्याचं खणखणीत आवाजात जाहीर केलं. चष्मेवाला यंत्राजवळ उभा होता. त्याने तिघांनाही मान डोलावून होकार दिला. आज त्याला कोणाशीच वाद घालायचा नव्हता.

माणसं पांगल्यावर बायकोने डिस्क स्वतःच्या हाताने काढली, पदराने पुसली आणि गुडघेदुखीच्या डबीत ठेवली.

"काचेच्या सेटचा कप्पा तसाही रिकामा आहे," ती म्हणाली. "भाग दोन कुठे मिळतो, बघा जरा."