अबिगेलकडे बघायचं नाही!

योग म्हटला की लंडनच्या या अख्ख्या ईलिंगमध्ये माझ्या तोडीची बाई सापडणार नाही! डोंबिवलीत होते तेव्हापासून आसनं करतेय मी. त्यामुळे चर्च हॉलमधल्या आमच्या वर्गातून शनिवारच्या वरच्या वर्गात पहिली जाणार ती मीच, हे मी घरी केव्हाच जाहीर करून टाकलं होतं.

पण आमची टीचर धम्मशीला! वयाने माझ्याहून कितीतरी लहान, पण तिच्या नजरेतून काही सुटेल तर शपथ.

"मनीषाताई, आसन छान जमतंय. पण मान सारखी अबिगेलकडे का?"

ही अबिगेल म्हणजे माझ्या शेजारच्या मॅटवरची. आता ती किती वाकली हे बघितल्याशिवाय मी किती वाकायचं हे कसं ठरवणार? तिचा हात गुडघ्याला लागला की माझा घोट्याला लागलाच पाहिजे! मग चार दिवस कमरेला बाम.

"ही सवय सुटल्याशिवाय तुम्ही पुढे जाणार नाही," धम्मशीला म्हणाली. "आजचा तास डोळे मिटून करा. काहीही झालं तरी बघायचं नाही. जमलं, तर शनिवारपासून वरच्या वर्गात!"

एवढंच ना? मी डोळे घट्ट मिटले. सुरुवातीला जीव नुसता कासावीस! अबिगेल "ऊफ्" म्हणाली तेव्हा तर माझी डावी पापणी उचललीच जात होती, पण दाबून धरली. आणि मग काय गंमत! कोणाच्या पुढे जायचं नाही म्हटल्यावर कंबर आपोआप सैल झाली, श्वास पार पोटापर्यंत गेला. इतकं बरं वाटलं की शवासनात मला गाढ झोप लागली.

जाग आली ती खुर्च्या सरकवण्याच्या आवाजाने. बुटांची खडखड. कोणीतरी खोकलं. आणि चक्क चहाचा वास! म्हटलं, वा गं धम्मशीला, परीक्षा घेतेस काय? मी नाही डोळे उघडायची!

तेवढ्यात एक भारदस्त पुरुषी आवाज आला, "हँड्स अप, प्लीज!"

कोणी पाहुणे शिक्षक असणार. मी दीर्घ श्वास घेतला आणि पडल्या पडल्या दोन्ही हात छताकडे ताणले.

टाळ्यांचा कडकडाट! आता मात्र राहवेना. डोळे उघडून बघते तर माझ्या मॅटभोवती खुर्च्या, खुर्च्यांवर आमच्या रस्त्यावरचे तमाम शेजारी, हातात चहाचे कप. रेसिडेंट्स असोसिएशनची मीटिंग चालू होती!

"बोथ हँड्स! हाऊ वंडरफुल!" चेअरमन गहिवरले. "या कामाला वर्षभर एकही व्हॉलंटियर मिळत नव्हता!"

"पण मला कोणी उठवलं का नाही?"

"ओह, वी डिडंट लाइक टू डिस्टर्ब."

घरी पोचते तोच धम्मशीलाचा फोन. "मनीषाताई, कमाल केलीत! इतक्या शांत पडला होतात की तुम्हाला हलवावंसंच वाटेना. शनिवारी दहाला वरच्या वर्गात या!"

"अगं, शनिवारी दहाला नाही जमायचं. मला काम लागलंय."

"कसलं काम?"

"रिसायकलिंग मॉनिटर."

म्हणजे दर शनिवारी हातमोजे घालून शेजारपाजारच्या प्रत्येक कचऱ्याच्या बिनमध्ये डोकावायचं आणि कोण काय टाकतंय ते बघायचं. वरचा वर्ग हुकला याचं वाईट वाटतं हो, नाही असं नाही. पण नंबर बाराच्या बाई येता-जाता सॅलडच्या गप्पा मारतात ना? त्यांच्या बिनमध्ये नुसती पिझ्झाची खोकी! मी सांगितलं म्हणून सांगू नका हं!